लाईन ब्लॉकच्या दिवसांतील परभणी ते छत्रपती संभाजीनगर प्रवास : भाडे, सोयी आणि परतावा

परभणी ते मुदखेड हा ८१ किलोमीटरचा टप्पा दुहेरी झालेला असला, तरी परभणीहून पश्चिमेला निघालेल्या गाडीला छत्रपती संभाजीनगरपर्यंतचे १७७ किलोमीटर अजून एकाच रुळावरून कापावे लागतात. समोरून गाडी आली की आपली गाडी स्थानकातल्या लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहते. देखभालीसाठी किंवा दुहेरीकरणाच्या कामासाठी दिवसा काही तासांचा लाईन ब्लॉक घेतला, म्हणजे तेवढा वेळ रुळावरची वाहतूक बंद ठेवली, तर एखादी गाडी रद्द होते, एखादी अलीकडच्या स्थानकातच संपवली जाते आणि उरलेल्या गाड्या क्रॉसिंगच्या प्रतीक्षेत रेंगाळतात. अशाच एका आठवड्यात शहात्तर वर्षांच्या आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी परभणीहून संभाजीनगरला जाऊन परत येण्याचा योग आला. येत्या काही महिन्यांत ज्यांना याच मार्गाने जायचे आहे, त्यांच्यासाठी हा तपशील लिहून ठेवत आहे.

गाड्या कमी झाल्या म्हणून रेल्वेचे भाडे वाढत नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मागणीनुसार चढणारे भाडे २०१६ च्या सप्टेंबरपासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो या गाड्यांना लागू आहे. मराठवाड्यातून धावणाऱ्या नेहमीच्या एक्स्प्रेस गाड्यांना ते लागू नाही आणि वंदे भारतलाही नाही. तरीही ब्लॉकच्या दिवसांत आपल्या खिशातून जास्त पैसे जातात, कारण सर्वांत आधी रद्द होते ती स्वस्तातली पॅसेंजर. पॅसेंजरच्या साध्या दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे १० रुपये आहे आणि एक्स्प्रेसच्या दुसऱ्या वर्गाचे ३० रुपये. मानवत रोडहून सेलूला जाणाऱ्या माणसाची पॅसेंजर रद्द झाली, की भाडेवाढ न होताही त्याचा खर्च तिप्पट होतो. हीच गोष्ट करोनाकाळात संपूर्ण देशाने अनुभवली होती : २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेल्या पॅसेंजर गाड्या पुढे विशेष किंवा एक्स्प्रेस म्हणून परतल्या, त्यांचे किमान भाडे ३० रुपये झाले आणि ते पुन्हा १० रुपयांवर यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. गाडी तीच, डबे तेच, थांबेही बहुतेक तेच होते.

आमचीही सकाळची पॅसेंजर रद्द होती. ही माहिती आदल्या संध्याकाळी गाड्यांची सद्यस्थिती दाखवणाऱ्या रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर मिळाली. या ॲपमध्ये ‘रद्द’ आणि ‘अंशतः रद्द’ अशा दोन स्वतंत्र याद्या असतात आणि दोन्ही पाहाव्या लागतात. आपली गाडी पहिल्या यादीत नसली तरी ती संभाजीनगरपर्यंत जाणार नाही, हे दुसऱ्या यादीतूनच कळते. ज्या गाडीने जायचे आहे तिच्या आदल्या दिवसाच्या फेरीला किती उशीर झाला, हेही तिथेच पाहता येते आणि छापील वेळापत्रकापेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

पुढच्या एक्स्प्रेसचे अनारक्षित तिकीट आम्ही मोबाइलऐवजी मुद्दाम खिडकीवर काढले. १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर प्रवास तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या दिशेच्या पहिल्या गाडीने, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत, सुरू करता येतो. त्यामुळे गाडीला चार तास उशीर झाला तरी खिडकीवरचे तिकीट फुकट जात नाही. खिडकीवरचे तिकीट तीन तासांच्या आत रद्दही करता येते, मात्र माणशी ३० रुपये कापले जातात. म्हणजे कमी अंतराच्या तिकिटावर हाती काहीच येत नाही. मोबाइलवरचे कागदविरहित तिकीट तर रद्दच करता येत नाही. एरवी मी मोबाइललाच पसंती देतो, पण गाडीचा भरवसा नसेल तेव्हा रांगेतली दहा मिनिटे सोसावीत.

गाडी दीड तास उशिरा आली आणि तिच्या सर्वसाधारण डब्यात दोन गाड्यांचे प्रवासी होते. पॅसेंजरने रोज जाणारे शिक्षक, कॉलेजची मुले, जालन्याच्या बाजारासाठी पेरूच्या पाट्या घेऊन निघालेल्या दोन बाया आणि दारात पाय सोडून बसलेले चौघे, अशी ती गर्दी होती. आईला एका मुलाने आपण होऊन जागा दिली. मी पुढचा बराच वेळ बेसिनजवळ उभा होतो. एका छोट्या स्थानकाच्या लूपवर गाडी थांबली. आधी समोरून मालगाडी गेली, मग बराच वेळ काहीच गेले नाही, मग एक एक्स्प्रेस गेली आणि त्यानंतर आमचा सिग्नल पडला. तोवर बेसिनच्या नळाला येणारी पाण्याची धार करंगळीएवढी झाली होती आणि पुढच्या अर्ध्या तासात तीही बंद पडली. हा दोष साफसफाईपेक्षा वेळेचा आहे : डब्याच्या टाकीतले पाणी ठरलेल्या तासांच्या हिशेबाने ठरलेल्या स्थानकांवर भरले जाते, आणि प्रवास लांबला की ते आधीच संपते. १३९ या क्रमांकावर किंवा रेलमदद ॲपवर डब्याच्या क्रमांकासह तक्रार नोंदवली, तर पुढच्या मोठ्या स्थानकावर पाणी भरले जाण्याची शक्यता असते. आमच्या डब्यात ते जालन्याला भरले गेले. त्या लूपवर एक विक्रेता पाण्याची बाटली वीस रुपयांना विकत होता. रेल नीर या रेल्वेच्याच पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीची किंमत २०२५ च्या सप्टेंबरपासून १४ रुपये आहे, हे त्याला सांगितल्यावर त्याने बाटली परत टोपलीत ठेवली. तेव्हा पाणी घरूनच दुप्पट न्यावे.

खर्चाची तुलना करताना एसटी विसरून चालत नाही. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद केली आणि ती अजून सुरू केलेली नाही. त्यामुळे आईचे तिकीट माझ्याइतकेच. एसटीत मात्र पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे आणि २०२३ च्या मार्चपासून सर्व महिलांना निम्मे भाडे पडते. एसटीने २०२५ च्या जानेवारीत जवळपास १५ टक्के भाडेवाढ केली असली, तरी घरातल्या दोन-तीन बायका आणि एक म्हातारे माणूस एकत्र निघाले, तर हिशेब बऱ्याचदा एसटीच्या बाजूने झुकतो. आम्ही रेल्वे निवडली ती आईच्या गुडघ्यांमुळे आणि स्वच्छतागृहाच्या सोयीमुळे, स्वस्त म्हणून नव्हे. आधार कार्ड दाखवून मोफत जाता येत असताना पोरगा आपल्याला पैसे भरून उशिराच्या गाडीत का बसवतो, हा आईचा प्रश्न मात्र जालन्यापर्यंत पुरला.

आरक्षण करायचे झाले, तर या अंतरासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्लीपर वर्गाला किमान २०० किलोमीटरचे आणि तृतीय वातानुकूलित वर्गाला किमान ३०० किलोमीटरचे भाडे आकारले जाते. परभणी ते संभाजीनगर १७७ किलोमीटर आहे. म्हणजे स्लीपरमध्ये आपण थोडेसेच जादा भरतो, पण तृतीय वातानुकूलितमध्ये न केलेल्या सव्वाशे किलोमीटरचे पैसे देतो. जालना ते संभाजीनगर अशा ६३ किलोमीटरच्या प्रवासाला तर तो वर्ग निव्वळ उधळपट्टी ठरतो. परतीसाठी आम्ही स्लीपर घेतला आणि त्याबद्दल माझे समाधान आहे : पाठ टेकायला जागा होती, नळाला पाणी होते आणि उशीर झाला तरी तो बसून काढता आला. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या विशेष गाड्यांना ब्लॉकच्या काळात जागा सहज मिळते, परंतु विशेष भाड्याच्या गाडीत मूळ भाड्यावर दुसऱ्या वर्गाला १० टक्के आणि इतर वर्गांना ३० टक्के अधिभार असतो आणि मार्ग मोकळा करून देताना या गाड्यांचा नंबर शेवटी लागतो. जास्त पैसे भरून जास्त उशीर घ्यायचा असेल, तरच त्यांचा विचार करावा.

परतीची आमची गाडी सुपरफास्ट होती. सुपरफास्ट अधिभार सर्वसाधारण दुसऱ्या वर्गाला १५ रुपये, स्लीपरला ३० आणि तृतीय वातानुकूलितला ४५ रुपये असतो. अनारक्षित तिकीट काढतानाही तो भरावा लागतो, नाहीतर तपासनीस किमान २५० रुपये दंड आणि भाड्यातला फरक वसूल करतो. ५५ किलोमीटर प्रतितास किंवा त्याहून अधिक सरासरी वेग हा सुपरफास्टचा निकष वेळापत्रकावरचा आहे. रुळावर गाडी त्या वेगाने धावली नाही म्हणून अधिभार परत मिळत नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये उत्तर मध्य आणि दक्षिण मध्य रेल्वेच्या बाबतीत नेमका हाच आक्षेप घेतला होता : गाड्या त्या वेगाने धावल्या नाहीत, तरी ११.१७ कोटी रुपयांचा अधिभार वसूल झाला होता. आपला हा मार्ग ज्यात येतो तो नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेतच आहे. माझ्या मते ब्लॉकच्या जाहीर केलेल्या दिवसांपुरता तरी हा अधिभार घेऊ नये. गाडी उशिरा धावणार हे त्या दिवशी आधीपासून ठाऊक असते.

परताव्याचे नियम प्रवाशाच्या बाजूचे आहेत, पण वेळेचे बंधन कडक आहे. गाडी संपूर्ण रद्द झाली, तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे, तत्काळचे शुल्क धरून, आपोआप खात्यात येतात; अशा वेळी तिकीट स्वतःहून रद्द करू नये, कारण रद्द झाल्याची नोंद होण्याआधी आपण ते रद्द केले तर शुल्क कापले जाते. आपल्या चढण्याच्या स्थानकावर गाडीला तीन तासांहून अधिक उशीर होत असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर पूर्ण परतावा मिळतो, मात्र ई-तिकिटाचा टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी भरावा लागतो. फलाटावर आमच्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी गाडी गेल्यानंतर शांतपणे फोन काढला, तोवर ती वेळ टळली होती. गाडी अलीकडच्या स्थानकात संपवली, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे मागता येते. वातानुकूलन बंद पडल्यास वातानुकूलित आणि साध्या वर्गाच्या भाड्यांतील फरक मिळतो. त्यासाठी गाडी पोहोचल्यापासून वीस तासांत टीडीआर भरावा.

दवाखान्याची, खंडपीठातल्या तारखेची किंवा परीक्षेची वेळ पाळायची असेल, तर ब्लॉकच्या आठवड्यात त्याच दिवशी सकाळी निघण्याचा बेत करू नये. पहाटे नांदेडहून सुटणारी वंदे भारत परभणी, जालना आणि संभाजीनगरला थांबते, दिवसाच्या ब्लॉकच्या आधी निघून जाते आणि म्हणून बरीचशी वेळेवर असते. तिचे भाडे एक्स्प्रेसच्या कितीतरी पट आहे आणि ती आठवड्यातून एक दिवस नसते. ते परवडत नसेल, तर आदल्या रात्रीच्या गाडीने जाऊन मुक्काम करावा किंवा सरळ एसटी धरावी. उतरण्याचे ठिकाण शहराच्या पूर्व भागात, सिडकोच्या बाजूला असेल, तर तुमची गाडी मुकुंदवाडीला थांबते का ते आधी पाहून ठेवा. तिथे उतरल्यास मुख्य स्थानकावरून उलटे येण्याचे रिक्षाचे पैसे वाचतात.