छंदाची ३०० पट

आज मैत्रिणीशी पहिल्यांदाच पैशांबद्दल मोकळेपणाने बोलले. मला लवकर निवृत्त व्हायचंय हे तिला ठाऊक होतं, पण आकडे कधी सांगितले नव्हते. पैशाचा विषय निघाला की माझी जीभ जडच होते.

तिने थेट विचारलं, "मग चित्रं काढणं सोडणार का गं?"

हिशेब असा आहे. १९९४ मध्ये विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने तिथल्या शेअर-रोखे बाजाराचा इतिहास तपासून मांडलं, की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी गुंतवलेल्या पुंजीच्या ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तर पैसे निदान ३० वर्षं पुरतात. म्हणजे पुंजी हवी वर्षाच्या खर्चाच्या २५ पट, महिन्याच्या ३०० पट. (लवकर थांबणाऱ्यांना ३० हून जास्त वर्षं काढायची असतात, म्हणून मी ४ टक्क्यांवरही विसंबत नाही.) कागद-रंगांवर महिन्याला जे जातं, त्याच्याही ३०० पट बाजूला हवेत.

हे कळलं तेव्हा मी कागद घेणंच थांबवलं होतं. सहा महिने ब्रश कोरडे. पॅलेटमधला निळा रंग तडकून सुटा झाला होता. ज्या कामासाठी वेळ हवाय, तेच मी वजाबाकीत उडवत होते!

आता तो खर्च वीजबिलाच्या शेजारी लिहिलाय. निवृत्ती आठ महिने लांबेल, लांबू दे.

मैत्रीण म्हणाली, "मला दोन्ही शिकव." रविवारी येतेय. मघाशी त्या निळ्यावर दोन थेंब पाणी टाकून बघितलं. विरघळला.