उंबराची ओळ पुसली तर

आधी मी पण सगळ्यांसारखी नुसती यादी करायचे, आज किती पक्षी दिसले, पंचवीस की तीस, ग्रुपवर टाकलं की झालं. पण यादीतून कोण कोणावर जगतंय ते कळतच नाही ना. म्हणून यंदा हिवाळ्यात पुण्यातल्या वेताळ टेकडीसाठी वेगळी वही केली, कुठल्या झाडाचं फळ कोण खातंय तेवढंच लिहायचं. मग घरी येऊन एक्सेलमध्ये भरायचं, झाडं आडव्या ओळीत, खाणारे उभ्या रकान्यात, खाताना दिसलं की 1 नाहीतर 0.

तीन महिन्यांनी जास्त 1 वाले वर आणि डावीकडे सरकवले आणि बघतच राहिले. बुलबुल सगळीकडे, अगदी घाणेरीच्या काळ्या फळांवर पण, आणि धनेश मात्र फक्त वड-उंबरावर, म्हणजे जिथे सगळेच येतात तिथेच. याला नेस्टेडनेस म्हणतात, डब्यात डबा बसतो तसं. 2003 मध्ये बास्कोम्प्ते आणि जॉर्डानो वगैरे संशोधक मंडळींनी फुलं-कीटक, फळं-पक्षी अशा नात्यांची 52 जाळी तपासली होती, त्यात हाच आकार दिसला होता, आणि तोच माझ्या टेकडीवर!

मग उंबराची ओळ पुसून बघितली. धनेशाकडे एकटा वड उरला. घाणेरीची पुसली तर कोणाचंच अडलं नाही. डेटा थोडा आहे, एकटीचा आहे, तरी पोटात गलबललं.

कारण उंबर स्वतः पण एका धाग्यावर लटकलाय. त्याचं परागीभवन करणारी माशी गांधीलमाशीची लांबची नातेवाईक पण चिलटाएवढी, उंबराच्या फळातून बाहेर पडली की जेमतेम एक-दोन दिवस जगते, तेवढ्यात तिला दुसऱ्या उंबरावर नेमक्या अवस्थेतलं कोवळं फळ सापडायला लागतं. म्हणजे आसपास बरेच उंबर हवेत आणि ते वेगवेगळ्या वेळी धरायला हवेत. आमच्या गल्लीतला गेल्या वर्षी पार्किंगसाठी तोडला, बदल्यात दहा रोपं लावली, सगळी शोभेची, एकावर पण पक्षी खाईल असं फळ येत नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

आणि माझ्या तक्त्यात रात्रीचा रकानाच नाहीये, वटवाघळं सगळी राहूनच गेली. या शनिवारी आठ वाजता टॉर्चला लाल कागद लावून ओढ्याकाठच्या उंबराखाली बसणारे. यायचं असेल तर या, फक्त बोलायचं नाही.