२०२४-२५च्या रकान्यात काय लिहू?

मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, पुलमन नावाच्या गावात विद्यापीठात नोकरी करते. राजधानीचं वॉशिंग्टन नाही, सिएटलवालं राज्य, आणि सिएटल पण इथून गाडीने जवळजवळ पाच तास. चहूकडे गव्हाच्या टेकड्या, मधे मधे मसूर आणि काबुली चणा, आणि ह्या सगळ्या पट्ट्याचं नाव पलूस. मी सांगली जिल्ह्यातली, आमच्याकडे पण पलूस आहे, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटाच आला होता.

माझं काम म्हणजे खेळाडू मुलामुलींच्या अभ्यासाची व्यवस्था लावणं. इथे नियम कडक आहेत, तिसरं वर्ष सुरू होताना डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण पाहिजे, चौथं सुरू होताना ६०, पाचव्याला ८०, नाहीतर खेळता येत नाही. म्हणून प्रत्येकाची चार-पाच वर्षांची शीट बनवायची, कुठल्या टर्मला कुठले विषय, त्यात टीम कुठे कुठे जाणार, कुठली लॅब बुडणार, प्रोफेसरांना द्यायची ट्रॅव्हल लेटर्स, बाहेरगावी असताना पेपर आला तर तिथे प्रॉक्टर कोण. मी स्वतः शिवाजी विद्यापीठाकडून खो-खो खेळलेय, आमच्या वेळी बुडालेलं प्रॅक्टिकल आपलं आपण बघायचं, म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं.

आता टीम कुठे जाणार हे ठरतं कॉन्फरन्सवर. कॉन्फरन्स म्हणजे मीटिंग नव्हे, विद्यापीठांचा संघ, जे वर्षानुवर्षं एकमेकांशीच खेळतात. आपल्याकडे इंटर-युनिव्हर्सिटीला पश्चिम विभाग असतो ना, तसं काहीसं, पण मोठा फरक असा की आपला विभाग नकाशावरून ठरतो आणि इथे मेंबरशिप असते, म्हणजे घेतात पण आणि सोडून पण जाता येतं.

आमची कॉन्फरन्स म्हणजे पॅक-१२. २ डिसेंबर १९१५ला पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी सुरू केलेली, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन (सिएटलचं विद्यापीठ, आमचं नव्हे), ओरेगन आणि ओरेगनचं कृषी महाविद्यालय, जे आज ओरेगन स्टेट आहे. नाव तेव्हा पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स. आमचं वॉशिंग्टन स्टेट १९१७ला आलं, पुढच्या वर्षी स्टॅनफर्ड, १९२२ला यूएससी आणि आयडाहो, मग माँटाना, मग १९२८ला यूसीएलए. पुढे नाव बदलत बदलत १९७८ला ॲरिझोनाची दोन विद्यापीठं येऊन पॅक-१० आणि २०११ला युटा, कोलोरॅडो येऊन पॅक-१२.

पण मला ही यादी अशी पाठ नाहीये, मला ती जोड्यांनी पाठ आहे. वॉशिंग्टन आणि आम्ही, ओरेगन आणि ओरेगन स्टेट, कॅल (म्हणजे कॅलिफोर्निया) आणि स्टॅनफर्ड, लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी, ॲरिझोनाची दोन, युटा आणि कोलोरॅडो. ह्यांना ट्रॅव्हल पार्टनर म्हणायचे. बास्केटबॉलची टीम गुरुवारी एकीकडे खेळणार, शनिवारी जोडीदाराकडे, आणि परत. म्हणजे एका प्रवासात दोन मॅच आणि कमीत कमी तासिका बुडणार. ज्याने कुणी हे बसवलं त्याने मुलांचा विचार केला होता असं मला शीट भरताना दरवेळी वाटायचं.

तर ४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. बाहेर गव्हाची कापणी चालू, हवेत भुसा, आणि ऑफिसात व्हॉलीबॉलच्या मुली एकेक करून शीट करायला येत होत्या कारण त्यांचा कॅम्प सुरू होत होता. वातावरण आधीच नाजूक होतं. वर्षापूर्वी, ३० जून २०२२ला यूएससी आणि यूसीएलएनी जाहीर केलं होतं की ते बिग टेन ह्या दुसऱ्या, मूळच्या मिडवेस्टच्या कॉन्फरन्समधे जाणार, जिचा टीव्हीचा करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वरचा. आमचा टीव्हीचा करार २०२४च्या उन्हाळ्यात संपणार होता आणि नवीन होत नव्हता. आठवडाभर आधी कोलोरॅडो बिग १२ ह्या आणखी एका कॉन्फरन्समधे गेलं. उरले नऊ. त्या सकाळी नऊ जण ॲपलसोबतच्या स्ट्रीमिंगच्या करारावर एकत्र राहायला तयार होतील अशी आशा होती, मी पण तीच धरून बसले होते.

दुपारी माझ्यासमोर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, केमिस्ट्रीवाली, शुक्रवारी लॅब. २०२३-२४ची शीट भरून झाली, पुढच्या वर्षाकडे वळलो, ती म्हणाली ओरेगनची ट्रिप कधी असेल, कारण तिची आजी पोर्टलंडला राहते आणि दरवर्षी तेवढीच मॅच बघायला दोन तास ड्राइव्ह करून येते. मी काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला, मग माझा, मग बाहेर सगळ्यांचेच. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमधे चालले. दोघी गप्प. ज्यांच्याशी आम्ही १९०० सालापासून फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल) खेळतोय, ज्या मॅचला ॲपल कप म्हणतात, ते वॉशिंग्टन, आमचे जोडीदार. तिने हळूच विचारलं, "मग इथे काय लिहायचं?" मी २०२४-२५च्या रकान्यात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. इतक्या वर्षांत कुणाच्या शीटवर मी असं केलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ॲरिझोनाची दोन्ही आणि युटा पण बिग १२कडे. एका दिवसात पाच. मी यादीवर रेघा मारत गेले तेव्हा लक्षात आलं, एलएवाले जोडीने गेले, ॲरिझोना जोडीने, युटा आपल्या जोडीदारामागे. मोडल्या त्या फक्त दोन जोड्या, आणि मागे राहिले ते त्या जोड्यांचे उरलेले अर्धे, ओरेगन स्टेट आणि आम्ही. कॅल आणि स्टॅनफर्ड तेवढे बाकी होते, ते १ सप्टेंबरला एसीसी ह्या कॉन्फरन्समधे गेले, एसीसीतला ए म्हणजे अटलांटिक. पॅसिफिकच्या काठावरची पोरं आता लीग मॅचसाठी पार अटलांटिकपर्यंत जाणार, आणि त्यांचं वेळापत्रक बसवणारं माझ्यासारखंच कुणीतरी तिथे असणार, हे डोक्यातून जाईना.

आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ बाई आहेत, राहतात आठ मैलांवर मॉस्कोला, ते आयडाहो राज्यात येतं. सगळे घरी गेले तरी त्या थांबल्या. म्हणाल्या आमच्याकडे हे १९५९ला झालं. खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याच्या प्रकरणावरून जुनी कॉन्फरन्स मोडली, पाच मोठ्यांनी नवीन केली, आणि आयडाहो, वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगनची दोन्ही बाहेर. तुम्हाला १९६२ला परत घेतलं, ओरेगनवाल्यांना १९६४ला, आम्हाला कुणी बोलावलंच नाही. त्यांचे वडील तेव्हा तिथे शिकत होते. त्या रागाने नाही बोलल्या, नुसतं सांगितलं, पण आठ मैलांवरचा हा इतिहास मला इतक्या वर्षांत कुणी सांगितला नव्हता आणि मी पण कधी विचारला नव्हता ह्याचं फार वाईट वाटलं.

रात्री साडेआठला, म्हणजे तिकडे शनिवारी सकाळी नऊला, बाबांचा फोन. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता तुम्ही कुठल्या झोनमधे गं?" मला उत्तर देता आलं नाही, रडूच आलं.

पुढचं बहुतेक कोर्टात झालं, तेही आमच्याच काउंटीच्या, कोलफॅक्सला. १४ नोव्हेंबरला निकाल आला की कॉन्फरन्सचा कारभार उरलेल्या दोघांकडे, आणि डिसेंबरमधे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो राहू दिला. दोन मेंबरची कॉन्फरन्स चालवायला दोन वर्षांची सवलत होती. ती संपायच्या आत बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट असे सहा जण तयार झाले, फुटबॉलला लागणारे आठ पूर्ण झाले, शिवाय फुटबॉल नसलेलं, स्पोकेनचं गोन्झागा, १ जुलै २०२६पासून सगळे एकत्र. टेक्सस कुठे आणि आम्ही कुठे, हे मला अजून पटत नाही, पण बॉइझी आणि स्पोकेन म्हणजे शेजारीच.

मधल्या दोन वर्षांसाठी व्हॉलीबॉल, बास्केटबॉल वगैरे वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समधे पाहुणे म्हणून. २०२४च्या ऑगस्टला ती मुलगी परत समोर बसली होती. मी जुनी शीट काढली, प्रश्नचिन्ह खोडलं आणि नावं लिहायला लागले, स्पोकेन, सांता क्लारा, सॅन फ्रान्सिस्को, मालिबू. ती वाकून बघत होती.

"पोर्टलंड आहे का?"

आहे म्हटलं, युनिव्हर्सिटी ऑफ पोर्टलंड आहे ना. मी पुढच्या ओळीवर गेले तोवर तिने आजीला मेसेज करून पण टाकला होता.