पोरांना घेऊन धरणावर गळ टाकायला गेलो त्याचा अनुभव

लहान पोरांना मासे धरायला न्यायचं तर तळं बरं की धरण, असं कुणालाही विचारा, तळंच सांगतील. धरणाचं पाणी अफाट, बसायचं कुठं कळत नाही आणि मासे नक्की आहेत कुठं हा तर त्याहून मोठा प्रश्न. आम्ही तरी धरणच धरलं. मी, नवरा, माझे बाबा, आमची मुलगी आणि बहिणीचा मुलगा. बाबांचं आयुष्य गळ टाकण्यात गेलंय, नवऱ्याचं व्हिडिओ बघण्यात, आणि मी दोघांच्या मधे. या सगळ्यातून माझं जे मत झालंय ते आधीच सांगून टाकते, धरणावर मासा लागणं न लागणं रॉडवर फार थोडं असतं, काठ नीट बघितलात का यावरच सगळं.

परवानगीचं आधी विचारून घ्या. मोठ्या जलाशयात मासेमारीचे हक्क बऱ्याचदा कुणाला तरी दिलेले असतात, कुठं गळाला चालतं, कुठं अजिबात चालत नाही. भिंतीजवळ, सांडव्याजवळ आणि जिथून पाणी खेचून घेतात तिथं जाऊ देत नाहीत ते बरोबरच आहे. आणि भिंतीच्या खालच्या अंगाला नदीपात्रात पोरं घेऊन बसायचा विचारही नको, इकडं लख्ख ऊन असतं, पाऊस कुठं तरी वर लांब झालेला असतो, गेट उघडलं की बघता बघता पाणी वाढतं. आम्ही गेलो पार मागच्या बाजूला, फुगवट्याला, म्हणजे भिंतीने अडवलेलं पाणी मागे पसरतं तिथं.

तिथं पोचल्यावर नवऱ्याने लगेच रॉड काढला, बाबांनी काही काढलंच नाही, दोन्ही पोरांना घेतलं आणि काठाने चालायला लागले. मला वाटलं फेरफटका मारतायत, पण ते पाणी चढतंय का उतरतंय ते बघत होते. उतरत असलं तर काठाला ओल्या मातीचा पट्टा दिसतो, त्याच्या वर वाळलेल्या काडीकचऱ्याची रेघ असते, आणि चढत असलं तर हिरवंगार गवत पाण्यात उभं दिसतं, अजून कुजलेलं नसतं. एका ओहोळाच्या तोंडाशी आम्हाला तसं गवत दिसलं, शेंडे पाण्याखाली हलतायत आणि खालपर्यंत हिरवेच. नुकत्या बुडालेल्या जमिनीतून किडे, गांडुळं वर येतात आणि ती खायला मासा काठाशी येतो, पाणी उतरायला लागलं की तोच मासा बिचकून आत सरकतो. वारा पण त्याच काठाकडे येत होता, म्हणजे पाण्यावर तरंगणारं सगळं तिकडंच ढकललं जाणार.

नवऱ्याला मात्र समोरचा उभा कडा आवडला होता, खोल पाणी म्हणजे मोठा मासा असं त्याचं गणित. बाबा म्हणाले, "जावईबापू, मासा राहतो कुठं ते नका बघू, जेवायला येतो कुठं ते बघा." मी नंतर यावर थोडं वाचलं, बाबांचं म्हणणं नुसतं अनुभवाचं नाही. उन्हाळ्यात धरणाचं वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालचं गार, जड पाणी तसंच पडून राहतं, दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी पालापाचोळा कुजत असतो, त्यात खालचा ऑक्सिजन संपत जातो, त्यामुळे खोल आहे म्हणून तिथं मासा असेलच असं नाही. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन विरघळतोही कमी, 20 अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसात. म्हणून आम्ही सकाळ आणि संध्याकाळ धरली, मधली दुपार झाडाखाली काढली.

तिथंच उथळ पाण्यात तळाला गोल गोल खळगे दिसले, एकमेकांना लागून. पोरांना वाटलं कुणाची तरी पावलं. ती चिलापीची, म्हणजे तिलापिया माशाची घरटी, नर शेपटी मारून, तोंडाने माती उचलून खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि मग तीच अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लं फुटेपर्यंत आणि नंतरही काही दिवस, आणि त्या काळात ती जवळपास काहीच खात नाही. हे ऐकल्यावर मुलीने आधी तोंड गच्च मिटून बघितलं, अर्धा मिनिटही जमलं नाही.

आता सामानाचं. पोरांच्या हातात रील, म्हणजे दोरा गुंडाळायची चकरी लावलेला रॉड देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो. बाबांनी दोघांना साधी काठी दिली, काठीएवढंच तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, एक बारीक फ्लोट म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, दोन-तीन शिशाचे मणी आणि छोटा गळ, कारण चिलापीचं तोंड लहान असतं, मोठा गळ टाकला तर ती आमिषाची कणीक नुसती कुरतडून जाते. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून टाकला, मासे थोडे जास्त सुटतात, सुटू देत, पण पोराच्या बोटात घुसला तर सरळ बाहेर येतो. तंगूसाची गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली करायची, कोरडी आवळली तर घासून गरम होते आणि तिथंच तुटते. शिशाचा मणी मात्र दाताने दाबायचा नाही, पकड वापरायची, शिसं विषारी. ब्रिटनमध्ये राजहंस मरायला लागले म्हणून 1987 पासून गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदीच आली. आणि धरणाच्या आसपास विजेच्या तारा असतातच, त्याखालून जाताना रॉड आडवा धरायचा, कार्बनच्या रॉडमधून वीज जाते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मग खोली मोजली. गळाला जादा शिसं लावून तळापर्यंत सोडायचं आणि फ्लोट असा सरकवायचा की शेंडा तेवढा वर राहील, म्हणजे कणकेची गोळी तळाला जेमतेम टेकते. मग बसायचं. आणि पोरांना बसवणं हाच खरा अवघड भाग, पण फ्लोट लहान असला की ती आपोआप बसतात कारण तो कधी स्वस्थ नसतो, नुसता थरथरतो, एक गोल लाट सोडतो, परत गप्प, परत तिरका होतो. दोघंही फ्लोट बुडायची वाट बघत होती. भाच्याचा बुडाला नाही, उलटा वर आला आणि पाण्यावर आडवा पडला. तो म्हणाला, "आजोबा, माझा मोडला." आजोबा म्हणाले, "ओढ!" झालं असं की माशाने तळावरची गोळी तोंडात घेऊन वर उचलली, तिच्याबरोबर शिसंही उचललं गेलं, फ्लोटला खाली ओढणारं वजनच उरलं नाही. भाच्याने ओढलं ते इतक्या जोरात की मासा डोक्यावरून मागे गवतात. तळहाताएवढी चिलापी. त्यानंतर तो कुणाशी बोलेना, डोळे फक्त फ्लोटवर.

मासा धरायच्या आधी हात ओले करायचे, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे रोगाने मरू शकतो. चिलापीच्या पाठीवरचे काटे चांगलेच लागतात, म्हणून डोक्याकडून हात मागे सरकवत काटे मिटवून धरायची. एक खवला गळून मुलीच्या बोटाला चिकटला होता, तो उन्हाकडे धरला तर त्यात बारीक गोल रेघा दिसल्या, जिथं वाढ मंदावते तिथं त्या दाटीने येतात आणि त्यावरून वयाचा अंदाज काढतात. ती मग किती तरी वेळ खवलेच गोळा करत बसली, गळ टाकायचा विसरली. सोडायचं म्हणाल तर आम्ही बारकी कार्प (रोहू, कटला यांच्या कुळातला मासा) पाण्यात सोडली, चिलापी नाही. ती मूळची आफ्रिकेतली, जगभर पसरलीय आणि बऱ्याच पाण्यात तिने तिथल्या माशांना जड केलंय, काही ठिकाणी तर धरलेली परत सोडू नका असाच नियम आहे.

नवऱ्याचं काय झालं, तर त्याने दिवसभर लांब लांब फेकलं आणि पाण्याखालच्या जुन्या झाडांना सगळं सामान वाहिलं. धरण भरायच्या आधी तिथं जमीन होती, झाडं होती, त्यांचे बुंधे अजून खाली उभेच असतात. संध्याकाळी तो गुपचूप आमच्या शेजारी येऊन बसला, काठापासून चार हातावर गळ सोडला आणि त्यालाच दिवसाची सगळ्यात मोठी कार्प लागली. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, पण ओढ अशी की रीलचा ब्रेक करकरायला लागला. ब्रेक आधीच थोडा सैल ठेवला होता म्हणून तंगूस वाचलं. बाबांनी जाळी धरली, आणि "काठाशी मासा नसतो" हे वाक्य नवऱ्याच्या आवाजात म्हणून दाखवलं.

गाळाबद्दल सांगायलाच हवं. पाणी उतरलेल्या जागी माती वरून वाळून भेगाळलेली दिसते, पाय टाकला की खाली लोण्यासारखी. भाच्याचा बूट एका जागी असा रुतला की पाय आला, बूट राहिला. बाबा काठी टोचत पुढे आणि पोरं त्यांच्याच पावलांवरून मागे, हा नियम आम्ही शेवटपर्यंत ठेवला. लाइफ जॅकेट पोरांच्या अंगात दिवसभर होतं, काठावर बसलेलं असतानाही, कारण धरणाचा काठ दोन पावलं उथळ आणि तिसऱ्याला एकदम खोल असू शकतो.

निघताना जाळी, बूट, बादली सगळं झटकून बादलीतलं पाणी तिथंच ओतलं, घरी उन्हात खडखडीत वाळवलं. एका पाण्यातलं शेवाळ, गोगलगायीची अंडी असलं काही दुसऱ्या पाण्यात जायला नको. तंगूसाचे तुकडे मात्र एकूण एक उचलून आणा, पक्ष्यांच्या पायाला गुंडाळले की सुटत नाहीत. आमच्या पिशवीत आमचे कमी आणि आधी येऊन गेलेल्यांचे जास्त निघाले, एक तर अख्खा गळासकट.