शुक्रवारचा कट आणि आमची पैज

सोलापुरात गोल्फवर पैजा लागतात म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'खेळता कुठे?' आम्ही खेळत नाही. बघतो, वाचतो, भांडतो आणि पैज लावतो. या सगळ्याची सुरुवात टॉवेलमुळे झाली. आमच्यातले अण्णा टेरी टॉवेलच्या धंद्यातले, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना. एकदा त्यांना गोल्फच्या टॉवेलची ऑर्डर मिळाली. अरुंद, तिहेरी घडीचा, एका टोकाला बॅगेला अडकवायची पितळी रिंग ठोकलेली. एवढ्याशा टॉवेलचा उपयोग काय, हे समजून घ्यायला अण्णा स्पर्धा बघू लागले. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, खेळाडू बॉलमागे खूण ठेवतो, बॉल उचलतो, त्याची बॅग सांभाळणारा कॅडी तो पुसून देतो. क्लबच्या खाचांतली मातीही त्याच टॉवेलने निघते. अण्णांना गोडी लागली आणि त्यांच्यामुळे आम्हाला.

पहिली पैज साधी होती: मास्टर्स, म्हणजे एप्रिलमधली अमेरिकेतली मोठी स्पर्धा, कोण जिंकणार? ती रंगलीच नाही. निम्म्या लोकांनी जगातला पहिल्या नंबरचा स्कॉटी शेफलर सांगितला. बाकीच्यांची नावं पहिल्या दोन दिवसांतच मागे पडली आणि शनिवारी ग्रुपवर शुकशुकाट. गोल्फमध्ये पहिल्या नंबरचा खेळाडूही बहुतेक आठवड्यांत जिंकत नाही, त्यामुळे फक्त विजेत्यावर लावलेली पैज नव्वद टक्के लोकांसाठी रविवारच्या आधीच संपते. मग नियम बसवायला घेतले. त्यावर बऱ्याच संध्याकाळी गेल्या, पण आज जी मजा येते ती त्या नियमांमुळेच.

आधी पैशांचं मिटवलं. आमच्यातल्या एका सरांच्या घरात मटक्याने झालेलं नुकसान त्यांनी लहानपणी पाहिलं आहे. ते म्हणाले, "एक रुपया जरी मध्ये आला तरी मी नाही." सगळ्यांनी मान्य केलं, आणि ते फार बरं झालं. आमच्याकडे शेवटून पहिला येणारा सगळ्यांना कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही देतो. वर्षभराच्या बेरजेत जो शेवटी राहील त्याच्याकडून पौष महिन्यात मंगळवेढ्याच्या बाजूला मालदांडीचा हुरडा.

मग खेळाडू. प्रत्येकाने चार नावं द्यायची: एक जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या दहांतलं, दोन अकरा ते पन्नासमधली, एक पन्नासच्या पुढचं. चौघांपैकी चांगल्या तिघांचे आकडे धरायचे, म्हणजे पारच्या (मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांच्या) किती वर किंवा खाली; कमी तेवढं चांगलं. वर्षातल्या चार मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या, स्पर्धांत एक खेळाडू एकदाच वापरायचा. या शेवटच्या नियमाने खरी रंगत आणली. शेफलर एप्रिलमध्ये मास्टर्सलाच खर्च करायचा की जुलैच्या ओपनपर्यंत राखून ठेवायचा, यावर आमच्यात जेवढा वाद झालाय तेवढा निवडणुकीवरही झालेला नाही.

आणि कट, म्हणजे अर्ध्या स्पर्धेनंतरची गाळणी. स्पर्धा गुरुवार ते रविवार चार दिवसांची, पण शुक्रवारी निम्म्याच्या आसपास लोक घरी जातात. मास्टर्सला पहिले ५० आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात, यूएस ओपनला ६०, पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटनच्या ओपनला ७०. आमच्याकडे कट हुकलेल्या खेळाडूला उरलेल्या दोन दिवसांचे आठ-आठ फटके दंड. एक जण गळला तर चालतं, कारण तिघांचेच आकडे धरतो. दोघे गळले की भाकरीची तयारी करायची.

त्यामुळे आम्ही लीडरबोर्डचा वरचा भाग नंतर बघतो. अमेरिकेतली स्पर्धा असली की शुक्रवारचा खेळ आपल्याकडे शनिवारी पहाटे संपतो. आमच्यापैकी जुळे सोलापुरात राहणाऱ्यांना पाण्याच्या पाळीसाठी तसंही अवेळी उठावं लागतं. मोटार चालू करून ते फोन हातात घेतात. पन्नासाव्या जागेवर अडकलेला कोणी एक खेळाडू अठरापैकी सतराव्या होलवर सहा फुटांचा पट (बॉल भोकात घालवायचा हलका फटका) मारायला उभा असतो. जगात त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, इथे तिघं-चौघं श्वास रोखून बसलेले असतात. मला विचाराल तर गोल्फचं सगळं सार त्या रेषेपाशी आहे. जिंकणारा एकच असतो. टिकून राहायची धडपड सगळ्यांची असते.

निवडीची पद्धत ज्याची त्याची. बँकेत काम करणाऱ्या आमच्या वहिनी मैदानाचा इतिहास काढून बसतात. मास्टर्सच्या मैदानावर, ऑगस्टाला, पहिल्यांदाच येणाऱ्यावर त्या कधी लावत नाहीत, कारण पदार्पणात मास्टर्स जिंकणारा शेवटचा खेळाडू फझी झोलर, आणि ते साल १९७९. सर टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, बघतात. ओपनला समुद्राचा वारा सकाळी एक आणि दुपारी दुसरा, म्हणून गुरुवारी-शुक्रवारी कोण कधी खेळणार याला ते फार महत्त्व देतात. पहिला फटका बसेपर्यंत नावं बदलता येतात.

२०२५ चा हंगाम या नियमांची खरी परीक्षा घेणारा ठरला. मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी रोरी मॅकिलरॉय आघाडीवर होता. तेराव्या होलवर सोपा वाटणारा छोटा फटका त्याने ओढ्यात घालवला, तिथे दोन फटके गेले. मागून जस्टिन रोझ ६६ फटक्यांत दिवस संपवून आला. अठराव्यावर रोरीचा छोटा पट हुकला आणि बरोबरी सोडवायला जादा होलचा प्लेऑफ झाला. तो पहिल्याच होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) करून त्याने जिंकला आणि चारही मेजर जिंकणारा तो सहावा खेळाडू झाला. इथे १४ एप्रिलची पहाट होती, आंबेडकर जयंतीची सुट्टी. रात्रभर जागलेले काही जण तसेच अंघोळ करून अभिवादनाला गेले. रोझ माझ्याकडे होता, त्यामुळे हरलेल्याच्या खेळावर मी मनापासून खूश होतो.

जूनमध्ये ओकमाँटच्या मैदानावर यूएस ओपन. वहिनींनी जे. जे. स्पॉन घेतला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मार्चमध्ये सॉग्रासच्या स्पर्धेत रोरीशी प्लेऑफपर्यंत गेला होता, त्याला दडपणाची सवय आहे." अण्णांकडे गतविजेता ब्रायसन डिशँबो आणि शेन लाउरी. कट सात ओव्हरवर, म्हणजे पारपेक्षा सात फटके जास्त, इथे पडला. डिशँबो दहा ओव्हर, लाउरी सतरा ओव्हर, दोघेही घरी. लाउरीने तर शुक्रवारी चौदाव्या ग्रीनवर खूण न ठेवताच बॉल उचलला आणि एक फटका दंड घेतला. टॉवेलवाल्या अण्णांना ते सगळ्यात जास्त लागलं. बॉल पुसायच्या आधीची ती खूण त्यांनीच आम्हाला शिकवली होती.

रविवारी स्पॉनने पहिल्या सहा होलमध्ये पाच बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) केल्या. वहिनींनी ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. मध्ये पावसाने खेळ थांबला. परत आल्यावर तो सावरत गेला आणि अठराव्यावर ६४ फुटांचा पट सरळ आत घातला. एकूण एक अंडर. अख्ख्या स्पर्धेत पारच्या खाली राहिलेला तो एकटाच. त्या सोमवारी सकाळी वहिनींच्या दारात आम्ही पेढे घेऊन गेलो, पैज त्यांनी जिंकलेली असताना.

जुलैत रॉयल पोर्टरशच्या ओपनला शेफलर चार फटक्यांनी जिंकला. तोपर्यंत तो फक्त सरांकडे उरला होता. बाकीच्यांनी ऑगस्टाला नाहीतर मे महिन्यातच वापरून टाकलेला. ओपन रात्री अकराच्या सुमारास संपते, त्यामुळे तो शेवट सगळ्यांनी एकत्र बसून बघितला.

ऑक्टोबरात दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. रोरी आला होता, जिंकला टॉमी फ्लीटवूड. दिवाळीच्या फराळाच्या ताटावर बसून, भर दिवसा, आपल्याच देशातला खेळ बघता आला. ती पैज हंगामात धरलेली नव्हती. आता धरावी असं वहिनींचं म्हणणं आहे. सर म्हणतात, धरायची तर 'एक खेळाडू एकदाच' हा नियम पाच स्पर्धांना लावायचा. अण्णांचा त्याला विरोध आहे. हुरडा यंदा त्यांच्याकडेच आहे, निकाल तिथेच लावू.