मत पुष्कळांना, पाळी थोड्यांनाच

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. रोमचा इतिहास शिकवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच: "सर, सम्राट यायच्या आधी तिथे लोकशाही होती ना? मग नेते निवडायचे कसे?" निवडणुका होत्या, दरवर्षी होत्या आणि चुरशीच्या होत्या. पण मतं कशी मोजत, ते पाहिल्याशिवाय लोकशाही हा शब्द वापरायची घाई करू नये, असं मला मनापासून वाटतं.

सर्वोच्च अधिकारी म्हणजे दोन कॉन्सुल, मुदत एक वर्ष. त्यांना निवडणारी सभा शहराच्या पवित्र सीमेबाहेर, मार्स देवाच्या मैदानावर भरायची. तिची रचनाच मुळात सैन्याची होती आणि सैन्याला सीमेच्या आत मज्जाव होता. नागरिकांचे मालमत्तेनुसार १९३ गट पाडलेले. एका गटाचं एक मत, मग गटात माणसं कितीही असोत. घोडेस्वारांचे १८ गट आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८०, झाले ९८. बहुमताला ९७ पुरे. रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो लिहितो की खालच्या एकेका गटात जवळजवळ अख्ख्या पहिल्या वर्गापेक्षा जास्त माणसं होती. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्या सगळ्यांचा मिळून एकच गट, तोही रांगेत शेवटी.

मतदान वरून सुरू व्हायचं आणि बहुमत झालं की थांबायचं. इ.स.पू. तिसऱ्या शतकात पहिल्या वर्गाचे गट ७० वर आणले, त्यामुळे दुसऱ्या वर्गालाही विचारावं लागू लागलं. गरिबाची पाळी मात्र क्वचितच यायची. त्यात आणखी एक प्रथा होती: पहिल्या वर्गातला एक गट चिठ्ठी टाकून निवडायचा, त्याचं मत सर्वांआधी घ्यायचं आणि लगेच जाहीर करायचं. लोक तो देवाचा कौल मानत आणि पुष्कळदा बाकीचे त्याच्याच मागे जात. स्त्रियांना आणि गुलामांना तर मतच नव्हतं.

तरी साध्या मतदारांनी आपल्या मतासाठी जी झुंज दिली, तिचं मला फार अप्रूप आहे. आधी मत तोंडी सांगावं लागे. ज्याच्या उपकाराखाली आपण आहोत, तो धनी ऐकत असताना त्याच्या विरुद्ध कोण बोलणार? इ.स.पू. १३९ च्या कायद्याने निवडणुकीत गुप्त मतदान आलं. मेण लावलेली छोटी पाटी हातात मिळायची, तिच्यावर नाव लिहून ती टोपलीत टाकायची. टोपलीपर्यंत जायला उंच, अरुंद फळीवाट असे. तिच्यावर बडी मंडळी उभी राहून पाटीत डोकावत. इ.स.पू. ११९ मध्ये ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांनी निवडलेला त्यांचा प्रतिनिधी, असलेल्या मारिअसने कायदा करून ती वाट इतकी अरुंद करवली की डोकावणाऱ्याला उभं राहायला जागाच उरली नाही. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की सिनेट, म्हणजे बड्या मंडळींची राज्यसभा, विरोधात गेल्यावर त्याने कॉन्सुललाच तुरुंगात टाकायची धमकी दिली. पुढे काही वर्षांनी पाडलेल्या एका चांदीच्या दिनारावर हे दृश्य कोरलेलं आहे: फळीवर दोन मतदार, एक खालच्या माणसाकडून पाटी घेतोय, दुसरा ती टोपलीत टाकतोय. नाण्यावर राजाचा मुखवटा नाही, मत देणारी साधी माणसं आहेत. वर्गात मी हे नाणं नेहमी दाखवतो.

पैसा होताच. इ.स.पू. ५४ मध्ये कॉन्सुलपदाच्या उमेदवारांनी लाचेसाठी एवढी कर्जं उचलली की रोममधला व्याजदर वर्षाला ४ टक्क्यांवरून ८ वर गेला. शिवाय मत द्यायचं तर रोमलाच यावं लागे. इटलीभरच्या लोकांना नागरिकत्व मिळाल्यावरही दूरच्या शेतकऱ्याला ते कुठून परवडणार?

इ.स. १४ मध्ये सम्राट तिबेरिअसने अधिकाऱ्यांची निवड लोकांकडून काढून सिनेटकडे दिली. रोमन इतिहासकार टॅसिटस म्हणतो, लोकांनी थोडी पोकळ कुरकुर केली, तेवढीच. सिनेटर मात्र खूश होते: आता खैरात वाटायला नको आणि मतांसाठी कुणाच्या पाया पडायला नको.