पाचशेची पावती

मी सांगलीत एका एजन्सीत रिकव्हरीला होतो. क्रेडिट कार्डची थकबाकी. बँक यादी देणार, एजन्सी आमच्यात वाटणार आणि आम्ही गाडीला किक मारून दारोदार. रिकव्हरीवाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं सोन्याची चेन घातलेला पैलवान येतो, पण मी आपला बी.कॉम. झालेला, पन्नास-बावन्न किलोचा, पाठीला सॅक. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोनसुद्धा करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि आमच्यात तो बऱ्यापैकी पाळायचे, हे पण सांगतो.

फेब्रुवारी २०२५. टीएलनं, म्हणजे आमच्या टीम लीडरनं, चार पत्ते दिले आणि एकावर लाल खूण. मारुती चौकाजवळचं कापडाचं छोटं दुकान, बाकी २ लाख १४ हजार, शेवटचा भरणा एप्रिल २०२२. टीएल म्हणाला, फुल मागू नको, सेटलमेंट (कमी रकमेत मिटवायचं) पण काढू नको, नुसतं पाचशे टोकन घे आणि लेटरवर सही घे, सही महत्त्वाची.

आता ही सही कशाला ते सांगतो. उधारीच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. त्या आत थोडे पैसे भरले आणि बाकी मान्य आहे असं सहीनिशी लिहून दिलं की परत पहिल्यापासून तीन वर्षं चालू. एप्रिलला दोन महिने राहिले होते. हे मला विजयनगरला कोर्टात लोकअदालतीच्या दिवशी एका वकिलांनी सांगितलं, तोपर्यंत वर्षभर मीच लोकांना सांगत होतो की काका टोकन भरा, बँकेला दिसतं तुमची इच्छा आहे म्हणून.

आधी विश्रामबागला एका पोराकडं गेलो. तीन कार्डं, दारात नवी बुलेट, आणि मला बसवायच्या आधीच म्हणतो तीस टक्क्यात सेटल करता का बोला, मी रील बघितलंय, थांबलं की बँक खाली येते. सिबिलला, कर्जाच्या रेकॉर्डला, 'सेटल्ड' असं लागेल म्हटलं तर म्हणे लागू दे. असल्यांचा राग येतो, पण त्या दिवशी वेळ नव्हता, उठलो.

दुकानात काका एकटेच. मी आयकार्ड दाखवलं, नाव सांगितलं. वाटलं आता एकतर ओरडतील नाहीतर रडगाणं. त्यांनी गल्ल्याखालून शंभर पानी वही काढली आणि चष्मा लावला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ह्यांचा सगळा माल गेला. सप्टेंबरला कार्डावर ९६ हजार उचलले, रॅक, शटर, थोडा माल. (त्यात १८ हजाराचा पोराचा मोबाईल पण होता, ते वहीतच लिहिलेलं, मी बोटानं दाखवलं तर म्हणाले, व्हय, तो पण मीच घेतला, पुरानं न्हाई घेतला.) दर महिन्याला मिनिमम, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरत गेले. कोविडमध्ये सहा महिने हप्ता नको असं बँक म्हणाली, पण व्याज काय थांबलं नव्हतं. महिना साडेतीन टक्के, व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे चारच्या थोडं वर. मिनिमम पाच टक्के. म्हणजे पाच हजार भरले की चार हजाराच्या वर व्याजातच. एप्रिल २०२२ पर्यंत भरलेले एकूण १ लाख ३५ हजार, आणि त्या दिवशी बाकी किती? ९७ हजार. मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोनदा बघितलं, वही बरोबर होती.

"मुद्दल दिलं, वर एकोणचाळीस हजार दिले," काका म्हणाले. "आता देत न्हाई. जमत न्हाई असं म्हणत न्हाई बरं का, देत न्हाई."

मी काय गप्प बसणारा नव्हतो. म्हटलं काका, सही तुमची, व्याजाचा दर कागदावर होता, आणि बँकेचा पैसा म्हणजे कुणाचा, माझ्या आत्याची एफडीच आहे त्यात. ते म्हणाले आत्याला किती टक्के देतात? सात, म्हटलं. मग हसले नुसते. पुढं म्हणाले, इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचं सव्वा लाख देणं होतं, ना चेक ना चिठ्ठी, माल तर पाण्यात गेलेला, तरी दोन वर्षांत फेडलं, कारण त्याचं बुडवलं असतं तर मी बुडव्या. सावकार सुद्धा दामदुप्पटीच्या वर जायचा नाही, व्याज मुद्दलाच्या वर न्यायचंच नाही. (मी मनात हिशोब केला, दामदुप्पट धरली तरी काका पूर्ण सुटत नव्हते, पन्नास हजारांच्या वर राहातच होतं. बोललो नाही.) मी शेवटचं काढलं, की ग्राहक आयोगानं २००८ ला कार्डावरचं वर्षाला तीस टक्क्यांच्या वरचं व्याज गैर ठरवलेलं, ते आत्ता डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केलंय.

"वाचलंय मी. कायद्यानं त्यांचं बरोबर असंल. म्हणून मी कोर्टात न्हाई गेलो. त्यांना जायचं तर जाऊ दे की."

तेवढ्यात काकू आतून चहा आणि भडंग घेऊन आल्या. सकाळपासून पोटात काय नव्हतं, मी खाल्लं. आणि मला उठताना बघून काकांनी गल्ल्यातनं पाचशेची नोट काढली.

"बँकेला न्हाई, तुला. तुझं पण टार्गेट असतंय. लिही पावती, कुठं सही करू?"

लेटर सॅकमध्येच होतं, पेन खिशाला. टीएलचा मिस कॉल येऊन पडलेला. एवढी सोपी सही मला नोकरीत कधी मिळाली नव्हती, आणि तो माणूस ती माझ्यासाठी करत होता, हेच मला जड गेलं. म्हणालो काका, पैसे ठेवा, सही करू नका. आणि मुदतीचं सगळं सांगून टाकलं.

वाटलं खूश होतील. चिडले.

"म्हंजे एप्रिल गेला की मी सुटलो, म्हणून देत न्हाई, असं वाटलं व्हय तुला? तारीख उलटली म्हणून देणं फिटतं काय लेका? माझं देणं मी फेडलं तवाच फिटलं." परत नोट पुढं केली, मग पेट्रोलला ठेव म्हणाले. मी नाही घेतली, आम्हाला चालत नाही. तसाच बाहेर आलो, चप्पल घालताना काकू म्हणाल्या, ते असेच आहेत, मनावर घेऊ नका.

ॲपमध्ये 'कस्टमर भेटला नाही' असं टाकलं. ज्यांचा पगार खातो त्यांच्याशी खोटं, तेही चहा पिऊन. विश्रामबागच्या पोराला मात्र मी हे मुदतीचं चकार शब्दानं सांगितलं नसतं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही, कारण बँकेच्या यादीत दोघं एकाच रकान्यात होते.

मार्चमध्ये ती फाईल दुसऱ्या पोराला गेली. तो रोज माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, डबा एकत्र खायचो. काकांची सही मिळाली का हे मी त्याला विचारलं नाही, आणि जूनमध्ये मी नोकरी सोडली तोपर्यंत त्यानंही कधी विषय काढला नाही.